गुणाजीची गाडी आणि लाल फडक्यातला नारळ

मी एक जुनी स्कूटर आहे. जुनी म्हणजे वयानं हो, वापरानं नाही. मित्रांनो, रे रोडच्या एका भंगाराच्या वखारीत मी सध्या पडून आहे. माझ्या एका अंगाला टॅक्सी होती, दुसऱ्या अंगाला पाण्याची पिंपं वाहणारा टेम्पो. दोघांच्या गप्पा सदा रस्त्यांच्या. कोणी किती भाडी मारली, कोणाचं इंजिन किती वेळा उतरवलं. मला विचारायचे, "बाई, तू कुठे कुठे हिंडलीस?" मी गप्प बसायचे. मी आयुष्यात एकदाच धावले, गिरगावातल्या शोरूमपासून लालबागच्या चाळीपर्यंत. त्यानंतर मी एका जिन्याखाली उभी राहिले आणि उभ्या उभ्या एका घराची वाताहत पाहिली. तीच तुम्हाला सांगते.

माझा जन्म पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. रंग फिकट निळा, हँडल चकचकीत, बघणारा स्वतःवरच खूष होईल असा आरसा. त्या काळी आम्हा स्कूटरींचा थाट काय सांगू! पैसे मोजले आणि गाडी घरी आणली, असं तेव्हा नव्हतं. अनामत भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे लोक "मुलानं स्कूटर बुक केलीय" हे हळूच सांगून टाकायचे आणि मुलीकडचे ते बरोबर ऐकायचे. मला वाटायचं, आपण ज्याच्या घरी जाऊ त्याचं भाग्य उजळेल. नव्या वस्तूला असा गर्व असतोच.

ज्यानं माझ्यासाठी नंबर लावला, तो गुणाजी परळच्या एका मिलमध्ये साचे चालवायचा, म्हणजे मागावर कापड विणायचा. मूळचा कोकणातला. त्याची बायको शेवंती चाळीतल्या खोलीतच खाणावळ चालवायची. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले मिलमधले लोक पाळी सुटली की तिच्याकडे जेवायला यायचे. त्या घरातलं पहिलं वाहन म्हणजे गुणाजीच्या बापानं दुसऱ्याच्या हातची घेतलेली सायकल. ती दिसायला गबाळी होती म्हणे, पण राबायची. तांदळाची गोणी तिच्यावरून यायची, भाऊच्या धक्क्यावरची मासळी तिच्यावरून यायची. गुणाजीनं माझी अनामत भरायला तीच सायकल विकली. शेवंती म्हणाली होती, "अवो, येणाऱ्या गाडीसाठी चालती गाडी विकतात काय कोण?" गुणाजी हसला होता. त्याच्या डोक्यात एकच चित्र होतं. साचेखात्याचा मास्तर जसा स्कूटरवरून मिलच्या गेटातून आत शिरतो, तसं आपण शिरायचं. आणि सुट्टीच्या दिवशी शेवंतीला मागे बसवून चौपाटीला न्यायचं.

त्यांचा मुलगा हरेश्वर तेव्हा अर्ध्या चड्डीत होता. माझा नंबर लागल्याचं कळलं तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. आणि नंबर लागला तो नेमका कधी? ब्याऐंशी साली, मिल कामगारांचा संप सुरू होऊन काही महिने उलटल्यावर. घरात पगार नाही, खाणावळीतली माणसं एकेक करून गावाला गेलेली, चुलीवरचं मोठं पातेलं पालथं पडलेलं. अशा वेळी शोरूमच्या दारात एका दलालानं गुणाजीला गाठलं. "नंबर मला द्या, वर घसघशीत रक्कम देतो," म्हणाला. शेवंतीनं नवऱ्याच्या सदऱ्याची बाही ओढली. पण तेव्हा गिरणगावात सगळेच म्हणायचे, गणपतीपर्यंत संप मिटतो. गुणाजी तर छातीठोकपणे म्हणायचा. त्यानं दलालाला वाटेला लावलं. खाणावळीच्या भिशीतले पैसे आणि शेवंतीच्या हातातल्या पाटल्या मिळून माझी किंमत भरली गेली. ओक्याबोक्या हातांनी शेवंती माझ्याकडे बघत उभी होती. मला तेव्हा तिच्या हातांचा अर्थ कळला नाही. मी आपली माझ्याच तोऱ्यात होते.

गुणाजीला गाडी चालवता येत नव्हती. त्याचा मित्र चंदू भोईवाड्याच्या एका गॅरेजात कामाला होता, तो मला न्यायला आला. गुणाजी मागे बसला, मांडीवर नारळ घेऊन. शेवंती बसनं निघाली, कारण घरी आणून पूजा केल्याशिवाय गाडीवर बाईनं बसायचं नाही, असं कोणीतरी सांगितलं होतं. ती एक सफर मी अजून विसरलेले नाही. भायखळ्याचा पूल चढताना चंदूनं गिअर बदलला आणि माझ्या अंगातून असा काही जोर निघाला की मागे गुणाजी "अरे, अरे" करत हसायला लागला. पुलाच्या उतारावर वारा लागला. मित्रांनो, तेवढंच माझं आयुष्य.

चाळीच्या दारात माणसं जमली होती. सगळी संपातली, सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या. माझ्या कपाळावर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. आता नारळ फोडायचा आणि लिंबं चिरडत गाडी पुढे घ्यायची. पण गुणाजी नारळ हातात धरून तसाच थांबला. मग त्यानं डोळे मिटले आणि गावच्या पद्धतीनं देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, बारा येशीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले सगळे ओरडले. गाऱ्हाण्यात एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय" म्हणून ते पक्कं करायचं, अशी रीत आहे.

"आज तुझो लेकरू गुणाजी तुका सांगणा करता. मिलचो गेट उघडू दे, ह्या सगळ्यांच्या हाताक काम पडू दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या दिवशी ह्या गाडयेक मी किक मारीन. गेटार न्हेवन ह्यो नारळ तुझ्या नावान फोडीन. तवसर हेच्यार कोण म्हणान कोण बसाचो नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणजे गेट उघडेपर्यंत माझ्यावर कोणीच बसायचं नाही. या वेळी आवाज केवढा मोठा झाला! काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. बायकांमध्ये उभ्या असलेल्या शेवंतीनंही म्हटलं, पण सगळ्यांच्या नंतर आणि हळू. माझ्या आरशात मला तिचं तोंड दिसत होतं. गुणाजीनं नारळ लाल फडक्यात बांधला आणि माझ्या हँडलला लटकवला. चाकांखालची लिंबं शाबूतच काढून घेतली. मला जिन्याखाली नेऊन उभं केलं. मिलच्या दुकानातून आणलेल्या मांजरपाटाची एक खोळ शेवंतीनं शिवली, ती माझ्यावर घातली. ते कापड आपल्याच साच्यावरचं आहे, असं गुणाजी सगळ्यांना सांगायचा.

गणपती आले आणि गेले. दसरा आला, मला पुन्हा हार चढला. शिमगा आला. संप काही मिटला नाही. गुणाजी रोज सकाळी खोळ काढायचा, मला पुसायचा, टायर एकाच जागी बसू नयेत म्हणून चाकं हातानं फिरवायचा. इतकं प्रेम मला कोणी दिलं असतं? पण त्याच जिन्यावरून शेवंती रिकामी पिशवी घेऊन उतरताना आणि तशीच चढताना मला दिसायची.

शेवंती बसून राहणारी नव्हती. खाणावळ बसली, तर तिनं डबे सुरू केले. भोईवाड्याच्या कोर्टातले कारकून, शीवच्या इस्पितळात माणूस असलेले गावाकडचे लोक, अशी गिऱ्हाइकं तिनं पायपीट करून जमवली. जेवण तिच्या हातचं, त्याला नाव ठेवणार कोण! पण डबा वेळेवर पोचायला हवा. त्यासाठी घरात पुन्हा एक सायकल आली, जुन्या सायकलीच्या दुप्पट किमतीला, आणि तीही जुन्यापेक्षा जुनी. हरेश्वर तिच्या दोन्ही अंगांना डबे लटकवून निघायचा. ती सायकल माझ्या शेजारीच उभी असायची. तिची साखळी रोज उतरायची आणि मी धडधाकट, खोळीत.

एके दिवशी हरेश्वर घामाघूम होऊन परत आला. डबे तसेच भरलेले होते. शीवच्या चढावर साखळी तुटली, कोर्टाची जेवायची सुट्टी संपली, कारकुनांनी बाहेर खाऊन घेतलं. तिकडे दुसऱ्या एकानं लुनावरून डबे पोचवायला सुरुवात केली होती.

"बाबा, चावी द्या ना," हरेश्वर म्हणाला. "मला चंदूकाकानं शिकवलीय चालवायला. गाडीवर दोन खेपा मारीन, गिऱ्हाईक डबल करून दाखवतो."

"देवाक बोललंय मी," गुणाजी म्हणाला.

"देव काय डबे पोचवायला येणारे काय?"

गुणाजीनं हात उगारला आणि तसाच खाली घेतला. त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलेनासे झाले.

त्या मे महिन्यात शेवंती एकटी गावाला गेली. कशाला, ते कोणालाच सांगितलं नाही. परत आली ती थेट जिन्याखाली, गुणाजी मला पुसत होता तिथे. डोक्यावरची गोणपाटाची पिशवीही तिनं खाली ठेवली नाही. पदराच्या गाठीतून सुकलेलं एक फूल काढून त्याच्यापुढे धरलं.

"देवाक कौल लावलंय," ती म्हणाली. "उजवो दिल्यान. गाडी वापरूची आणि नवस मागसून फेडूचो. पुजाऱ्यान तीनदा विचारल्यान, तीनदा उजवो."

मित्रांनो, माझ्या पेट्रोलच्या टाकीत होतं नव्हतं ते सगळं तेव्हा उसळलं. वाटलं, झालं! आता किक बसणार. देवळात देवाच्या दोन्ही बाजूंना फुलं लावतात, उजवं आधी पडलं की देवाचा होकार. देवानंच वाट मोकळी केली होती. गुणाजीनं फूल कपाळाला लावलं. 

"देवाचा काय नाय गो," तो म्हणाला. "देव समजान घेता. पण त्या दिवशी ही सगळी माणसा व्हय म्हणाली ती? त्यातली अर्धी गावाक जावन बसली. एकान तर जीव दिल्यान. आज मी किक मारलंय, तर त्याचो अर्थ काय? संप सपलो. आपण हरलो. ता माझ्या तोंडान मी कसा सांगू?"

"माझा तोंड दिसता काय तुमका?" शेवंती म्हणाली. "त्या दिवशी मी पण व्हय म्हटलंय. आता नाय म्हणतंय. माझा कोण ऐकता?"

 गुणाजीनं खोळ उचलली आणि माझ्यावर घातली. शेवंती पिशवी घेऊन जिना चढून गेली. पुढे कधीही तिनं माझा विषय काढला नाही. येताजाता माझ्या हँडलला तिचा पदर अडकला, तर सोडवून घ्यायची आणि चालू लागायची.

डबे हळूहळू बंद पडले. सायकल डब्यांच्याच उधारीत गेली. संप मिटला, असं तर कोणी कधी म्हटलंच नाही. काही मिल चालू झाल्या, काही कायमच्या बसल्या. गुणाजीच्या मिलचं गेट बंदच राहिलं. एका सकाळी हरेश्वर पत्र्याची पेटी घेऊन जिना उतरला. भिवंडीच्या कारखान्यात पॉवरलूमवर माणसं पाहिजे होती. मुंबईच्या मिलचं काम पळवून मोठे झालेले ते कारखाने. गुणाजी त्यांचं नावही घरात काढू द्यायचा नाही.

"साचे कसे चालतात ते तुमच्याकडूनच ऐकलंय, बाबा," हरेश्वर म्हणाला. "दुसरं काय येतं मला?"

गुणाजी माझा दिवा पुसत राहिला. त्यानं मान वर केली नाही. मुलगा गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला, तरी तो तोच दिवा पुसत होता.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. शेवंती लोकांची कोळंबी सोलायची, पापड लाटायची. गुणाजी कुठल्याशा दुकानात माल उचलायचा, मग पाठ गेली आणि तो घरी बसला. चाळीत मात्र गाड्या वाढत चालल्या. ज्या घरांत कोणाला बऱ्या नोकऱ्या लागल्या, त्यांनी मोटारसायकली आणल्या. नंबर लावायचे दिवस गेले. सकाळी मनात आलं की संध्याकाळी हप्त्यावर गाडी दारात. मग गल्लीत एक छोटी मोटारही आली. या सगळ्या माझ्या शेजारी उभ्या राहायच्या, जुन्या व्हायच्या, विकल्या जायच्या, त्यांच्या जागी दुसऱ्या यायच्या. पोरं माझ्या खोळीवर क्रिकेटचे स्टंप काढायची. गुणाजी ओरडायचा, तर त्याला वेडा म्हणायची. माझे टायर भेगाळले, टाकी गंजली. हँडलचा नारळ सुकून आत खुळखुळायला लागला.

आणि एक दिवस चंदू धापा टाकत आला. "गुणाजी, मिलचं गेट उघडलं!"

गुणाजी काठी न घेताच जिना उतरला. त्यानं माझी खोळ ओढून काढली, लाल फडक्यातला नारळ सोडून खिशात कोंबला आणि चंदूला घेऊन तरातरा निघाला. आधी बघून येतो, मग गाडी नेतो, म्हणाला. मी उघडी उभी होते. मला वाटलं, गंजले तर गंजले, आज ढकलत का होईना नेतील.

तो परतला तेव्हा चंदूनं त्याला दंडाला धरलं होतं. गेट खरंच उघडलं होतं, ट्रक आत जाण्यासाठी. साचे उपटून, वजन करून भंगारात चालले होते. गुणाजीनं आपले साचे ओळखले म्हणे. त्यानं नारळ परत माझ्या हँडलला बांधला. 

"फोडून टाक आता, बाबा," चंदू म्हणाला. "गेट उघडलं ना?"

"हाताक काम पडू दे, असा पण म्हटल्यालंय," गुणाजी म्हणाला आणि त्यानं खोळ घातली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तो गेला.

चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा होता, म्हणून जिन्याखालची जागा रिकामी करायची वेळ आली. हरेश्वर भिवंडीहून हप्त्यावरच्या मोटारसायकलनं आला. मी त्याला ओळखलंच नाही. केस पांढरे, छाती आत गेलेली, आणि पॉवरलूमच्या खडखडाटात इतकी वर्षं काढून कानांनी जवळपास बहिरा. सोबत हातगाडी घेऊन भंगारवाला आला होता. माझा भाव ठरला. माझ्यासाठी विकलेल्या सायकलीलाही त्याहून जास्त आले असतील. शेवंती जिना उतरली. तिनं खोळ काढली, घडी केली आणि बगलेत धरली.

"सगळ्यात जास्त पैसो हिच्यात घातलो," ती म्हणाली. "आणि हिच्यार कोण बसलाच नाय." मग मुलाच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाली, "मिलच्या गेटापर्यंत मी बसतंय. ढकल."

 शेवंती माझ्या मागच्या सीटवर बसली, बायका बसतात तशी एका अंगाला, मांडीवर नारळ घेऊन. पुढची सीट रिकामी होती. तिची कड तिनं हातानं धरली, नवऱ्याचा खांदा धरावा तशी. हरेश्वर हँडल धरून ढकलू लागला. माझी बसकी चाकं रस्त्यावर धपधप करत होती. इतक्या वर्षांनी ऊन लागलं आणि मला लाज वाटली, मित्रांनो. ज्या बाईच्या पाटल्यांवर मी या घरात आले, तिला मी अशी नेत होते.

मिल पाडून तिथे मॉल झाला होता. गेट आता काचेचं, उंच. आतून मोटारी येत-जात होत्या. वर्दीतला रखवालदार पुढे आला. "आजी, इथे गाडी लावू नका."

"लावत नाय रे, बाबा. पोचवूक इलंय."

ती उतरली. फूटपाथच्या कडेवर तिनं नारळ आपटला. पाणी कसलं निघतंय! आत काळी भुकटी होती. तिनं ती दोन्ही तळहातांवर घेतली, गेटाकडे तोंड केलं आणि म्हणाली, "बा देवा रवळनाथा, गेट उघडलो. हाताक काम काय पडला नाय. आमचो संप सपलो, रे म्हाराजा."

आणि ती थांबली. गाऱ्हाण्यात इथे कोणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. हरेश्वर तिच्या मागेच उभा होता, पण त्याला ऐकू गेलं नव्हतं. रखवालदार दुसऱ्या मोटारीला सलाम करत होता. मला हॉर्न आहे, पण तो इंजिन चालू असल्याशिवाय वाजत नाही.  मग शेवंतीनं हात झटकले आणि भंगारवाल्याला हात केला.

मित्रांनो, टॅक्सीचे तुकडे काल झाले. आज टेम्पोवर गॅसकटर चालला आहे, उद्या माझी पाळी. तेव्हा जाता जाता तुमच्याकडे एक मागते. घरात वाहन आणाल, तर ते झाकून ठेवू नका. त्याला धावू द्या, झिजू द्या. मला खूप जपलं, पण मी कोणाच्या उपयोगी पडले नाही. आणि कधी कोणी गाऱ्हाणं घालत असेल, चार माणसं छाती फुगवून "व्हय म्हाराजा" म्हणत असतील, तुमच्याही तोंडावर ते आलेलं असेल, तर थांबा. त्या घरच्या बाईच्या तोंडाकडे आधी एकदा बघा.